‘दोन मुले मोफत’ वाचण्याआधी मुलांची वये मोजा

मा. संपादक,

सुट्टी तोंडावर आली की पर्यटन पुरवण्यांत क्रूझच्या पानभर जाहिराती येतात. पांढरेशुभ्र जहाज, चार रात्रींचा भाव आणि कोपऱ्यात ठळक टाइपात ‘दोन मुले मोफत’. ज्या घरात एक पोर पाच वर्षांचे आणि दुसरे चौदाचे आहे, त्या घराला लागणारी माहिती मात्र त्यात नावालाही नसते. जहाज कोणते, मुलांच्या क्लबचे वयोगट कुठे तुटतात, चौघांना मिळणारी खोली केवढी, सगळे कर धरून खिशातून किती जाणार, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि विचारायचे काय, हेच पहिल्यांदा जाणाऱ्याला ठाऊक नसते. हे पत्र त्यासाठी आहे. ते लांबले आहे. जागेअभावी कात्री लावायची झाली तर जेवणाच्या परिच्छेदाला लावावी, वयोगटांना नको.

जहाजावरचा जवळजवळ प्रत्येक नियम मुलाच्या वयाला बांधलेला असतो. हे वय तिकीट काढतानाचे नव्हे, जहाज सुटते त्या दिवशीचे. तान्ह्या बाळाला बहुतेक कंपन्या सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत. सलग तीन किंवा अधिक दिवस किनारा लागणार नसेल, तर रॉयल कॅरिबियनसारखी कंपनी हीच मर्यादा बारा महिन्यांवर नेते. कारण उघड आहे: जहाजावर दवाखाना असतो, पण बालरोगतज्ज्ञ नसतो, आणि भर समुद्रातून आजारी बाळाला रुग्णालयात हलवणे सोपे नाही. घरात कोणी गरोदर असेल तर गरोदरपणाचा चोविसावा आठवडा लागण्याआधी प्रवास संपायला हवा, ही अटही आधीच पाहावी. धक्क्यावर डॉक्टरांचे पत्र मागतात.

पुढचा उंबरठा तीन वर्षांचा. मोफत क्लबमध्ये मूल सोडता येते ते तीन पूर्ण झाल्यावर, पण तेवढ्याने भागत नाही. त्याचा डायपरही सुटलेला असावा लागतो. क्लबमधल्या ताई डायपर बदलत नाहीत आणि पुल-अप (चड्डीसारखा डायपर) घातलेले मूलही घेत नाहीत. ‘घरी सांगतो, बाहेर कधीकधी राहून जाते’ अशा अवस्थेतल्या साडेतीन वर्षांच्या मुलाला दारातून परत पाठवतात, आणि मग आई-बाबांपैकी एकाची सुट्टी त्याच्यामागे जाते. तलावांनाही हाच नियम आहे. पोहण्याचा खास डायपर असला तरी बहुतेक जहाजांवर अशा मुलाला मोठ्या तलावात उतरू देत नाहीत. त्यांच्यासाठी कारंज्यांचा वेगळा कोपरा असेल तरच त्यांची पाण्याशी गाठ पडते. तो आहे का, हे जहाजाच्या डेक प्लॅनवर (मजल्यांच्या नकाशावर) दिसते. तीनच्या आतल्यांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असते. ते तासावर पैसे घेते आणि त्याच्या मोजक्या जागा आधीच भरतात.

खरी गोची होते ती दहा ते चौदाच्या दरम्यान. डिस्नेच्या जहाजांवर लहानांचा क्लब तीन ते दहा, मधला अकरा ते चौदा आणि मोठ्यांचा चौदा ते सतरा. एमएससी या दुसऱ्या कंपनीच्या जहाजांवर तीन ते सहा, सात ते अकरा, बारा ते चौदा आणि पंधरा ते सतरा. इतर कंपन्यांत किशोरांचा गट कुठे बाराव्या तर कुठे तेराव्या वर्षी सुरू होतो. आता एक आतेभाऊ अकराचा आणि दुसरा तेराचा आहे असे धरा. डिस्नेवर दोघे एका खोलीत खेळतील. एमएससीवर अकराचा सात वर्षांच्या चिल्ल्यापिल्ल्यांबरोबर चित्रे रंगवत बसेल आणि तेराचा वरच्या डेकवर वेगळ्याच टोळक्यात असेल. धाकट्याची समजूत घालण्यात पहिली संध्याकाळ जाते. ‘दोन महिन्यांनी बारा होणार आहे, घ्या ना’ ही विनंती सहसा मानत नाहीत, कारण प्रत्येक गटाला सांभाळणाऱ्यांचे प्रमाण ठरलेले असते. म्हणून दोन-तीन कुटुंबे मिळून जाणार असतील तर आधी सगळ्या मुलांच्या जन्मतारखा एका कागदावर लिहाव्यात, शेजारी जहाज सुटण्याच्या दिवशीचे वय लिहावे आणि तो कागद कंपनीच्या वयोगटांवर ठेवून पाहावा. बंदरे कोणती, खोली कोणती, हे सगळे त्यानंतर.

आठवी-नववीच्या मुलांना क्लबपेक्षा बरोबरीची पोरे लागतात. ही टोळकी पहिल्याच संध्याकाळी जमतात. त्या रात्रीच्या ओळखीच्या कार्यक्रमाला जो गेला नाही, तो उरलेले दिवस केबिनमध्ये मोबाइल घेऊन लोळतो. दोन-तीन रात्रींच्या फेरीत दुसरी संधीच मिळत नाही. त्यामुळे किशोरवयीन मुले असतील तर चार रात्रींच्या आतला प्रवास शक्यतो घेऊ नये. लहानग्यांना मात्र तीन रात्री भरपूर होतात. जहाजावर त्या आठवड्यात मुले किती असतील तेही पाहावे. सिंगापूरच्या शाळांना जून महिनाभर आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर वर्षअखेरपर्यंत सुट्टी असते. आपल्या मे महिन्यात तिथल्या शाळा चालू असतात, म्हणजे मेमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी सुटणाऱ्या फेरीत किशोरांच्या खोलीत आपलीच चार पोरे असण्याची शक्यता जास्त. नोव्हेंबर-डिसेंबरच्या फेऱ्यांत गर्दी असते, भावही चढे असतात, पण पोरांना पोरे मिळतात. माझे मत विचाराल तर चौदा-पंधराच्या मुलांसाठी ती गर्दी परवडली.

मोठ्या मुलांचे नियम त्यांना घरीच वाचून दाखवावेत. क्लबमधून स्वतःहून बाहेर पडायला पालकांची लेखी परवानगी लागते आणि ही सूट साधारण नऊ-दहा वर्षांपुढे मिळते. अठराच्या आतल्यांना मध्यरात्रीनंतर सार्वजनिक जागांत फिरण्यावर बंदी असते. रॉयल कॅरिबियनवर ती रात्री एकला लागते. फ्लोरायडरवर, म्हणजे सर्फिंगच्या कृत्रिम लाटेवर, आडवे झोपून जायला ५२ इंच आणि उभे राहायला ५८ इंच उंची लागते, गिर्यारोहणाच्या भिंतीला वयाची सहा वर्षे. अशा खेळांसाठी पालकाच्या सहीचा जबाबदारीचा फॉर्म भरावा लागतो. मामा-मावशीबरोबर आलेल्या भाचरांचे इथेच अडते. पायात मोजे नसल्यामुळे भिंतीपाशी रांगेत उभी राहून परत फिरणारी पोरेही रोज दिसतात. बॅगेत दोन जोड बंद बूट-मोज्यांचे टाकावेत.

आता जहाजांकडे. मुंबईहून निघणारे ‘एम्प्रेस’ हे कॉर्डेलिया कंपनीचे जहाज १९९० साली फ्रान्समधल्या सेंट-नझेअरच्या गोदीत बांधले गेले आणि सप्टेंबर २०२१ पासून आपल्या किनाऱ्यावर धावू लागले. साधारण ४८,५०० टनांचे, अकरा डेकचे. सर्फिंग, स्कायडायव्हिंगचा बोगदा, बंपर कार वगैरे तिथे शोधू नये. त्या पिढीच्या जहाजात ते नसतेच. गिर्यारोहणाची भिंत, तलाव, नाट्यगृह, मुलांची खोली आणि सवयीचे जेवण एवढे मिळते, आणि आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांना तेवढे पुरते. पासपोर्ट-व्हिसा नको, विमान नको, आजी-आजोबा बरोबर येऊ शकतात, हा त्याचा मोठा गुण. पण सोळा वर्षांच्या मुलीने समाजमाध्यमांवर पाहिलेली क्रूझ ही नव्हे, हे तिला तिकीट काढण्याआधी सांगितलेले बरे. संध्याकाळच्या करमणुकीचा बराच भाग कॅसिनो आणि बारभोवती असतो. तिथे अठराच्या आतल्यांना काम नाही, आणि कॅसिनोशेजारून जाताना सिगारेटचा वास येतो.

सिंगापूरला निवड मोठी आहे. तिथून रॉयल कॅरिबियनची क्वांटम वर्गातली जहाजे हंगामानुसार सुटतात: स्पेक्ट्रम, अँथम, ओव्हेशन यांपैकी एखादे. साधारण १,६८,००० टनांची ही जहाजे नऊ ते सतरा वयाच्या मुलांसाठी सगळ्यांत भरीव. २०१६ साली जर्मनीत बांधलेले गेंटिंग ड्रीम जून २०२२ मध्ये रिसॉर्ट्स वर्ल्ड या कंपनीने चालवायला घेतले. त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय चांगली आहे, आणि सहा ते बाराच्या मुलांना ते मानवते. डिस्नेचे ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे दोन लाख टनांपुढचे जहाज वेगळ्याच कुळीचे. जर्मनीतल्या विस्मारच्या गोदीत दुसऱ्या कंपनीसाठी सुरू झालेला हा सांगाडा डिस्नेने २०२२ मध्ये विकत घेतला. त्याच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्या कुठल्याही बंदराला न लागता सिंगापूरलाच परत येतात. परदेश पाहायला निघालेल्या आजोबांची त्याने निराशा होईल. पाच वर्षांच्या नातीची होणार नाही. नव्या जहाजाची एक जोखीम मात्र असते. याची पहिली फेरी १५ डिसेंबर २०२५ ला ठरली होती, ती कंपनीने १० मार्च २०२६ वर ढकलली. नाताळची विमान तिकिटे आधीच काढून बसलेल्यांचे काय झाले असेल, याचा अंदाज करता येईल. गोदीतून यायच्या जहाजाच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या फेऱ्यांसाठी परत न मिळणारे विमान तिकीट काढू नये.

जहाज ‘मोठे’ आहे म्हणजे मोकळे आहे असे नाही. टनाचा आकडा जहाजाचे वजन दाखवत नाही, आतले आकारमान दाखवतो. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागले की माणशी जागा कळते. दर खोलीत दोन माणसे धरली तर एम्प्रेसवर हा आकडा तीसच्या आसपास येतो, क्वांटम वर्गावर चाळीस, गेंटिंग ड्रीमवर पंचेचाळीस. पण शाळांच्या सुट्टीत तिसऱ्या-चौथ्या खाटा भरतात आणि हाच चाळीसचा आकडा चौतीसवर उतरतो. नाश्त्याची रांग आणि लिफ्टसमोरची गर्दी यांचा उगम त्या फरकात असतो.

खोलीवर थोडे सविस्तर लिहितो, कारण तक्रारी सर्वांत जास्त इथे होतात. चौघांची खोली म्हणजे खाली दोन खाटा, त्या जोडून एक मोठी होते, आणि वर छतातून किंवा भिंतीतून उघडणाऱ्या दोन फळ्या. नाहीतर एक फळी आणि एक सोफा-कम-बेड. जुन्या जहाजावर आतली खोली सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास असते. रात्री फळ्या उघडून शिड्या लावल्या की चालायला एका माणसापुरती वाट उरते. सोफा उघडला तर कित्येक खोल्यांत बाल्कनीचे दार पूर्ण उघडत नाही. वरच्या फळीवर सहाच्या आतल्या मुलाला झोपवू नये. कठडा असतो, पण झोपेत उठून शिडी उतरणारे पोर पडते. सकाळी सातला सहलीची बस गाठायची तर चौघांत एक न्हाणीघर, आणि तेही विमानातल्यापेक्षा थोडेसेच मोठे. आंघोळी आदल्या रात्री उरकाव्यात.

म्हणून हिशोब असा करावा: बाल्कनीची एक खोली चौघांत, की आतल्या दोन खोल्या? सिंगापूरच्या दमट हवेत दुपारी बाल्कनीत कोणी बसत नाही. त्याच पैशात, किंवा थोडे वर घालून, मधले दार असलेल्या दोन आतल्या खोल्या मिळत असतील तर त्या घ्याव्यात. दोन न्हाणीघरे मिळतात, लहानगा नऊला झोपला म्हणून मोठीला दिवा घालवावा लागत नाही. चालते मूल घरात असेल तर बाल्कनी टाळण्याचे आणखी एक कारण आहे. रेलिंग पुरेसे उंच असते, पण त्याच्याशेजारी खुर्ची आणि छोटे टेबलही असते. घेतलीच तर पहिल्या दिवशी खुर्च्या आत आणून ठेवाव्यात आणि दाराची वरची कडी लागते का ते पाहावे.

दोन खोल्या घेताना ‘शेजारच्या’ आणि ‘मधल्या दाराच्या’ यांत फरक आहे. बुकिंग करणारा दोन्हींना एकच शब्द वापरतो. खोल्यांचे क्रमांक घेऊन डेक प्लॅनवर खूण पाहावी. खोलीत एक तरी प्रौढ हवा, असा नियम बऱ्याच कंपन्यांचा आहे. आई-वडील लगतच्या किंवा समोरच्या खोलीत असतील तर सूट मिळते. ‘गॅरंटी’ भाव सगळ्यांत स्वस्त असतो, पण त्यात खोली कंपनी ठरवते. दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबाने तो घेतला तर एक चौथ्या डेकवर पुढे आणि दुसरी नवव्यावर मागे पडू शकते. आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या खाटांची विक्री जहाजाच्या त्या भागाच्या जीवरक्षक नौकांच्या जागांवर अवलंबून असते. तेवढ्या जागा भरल्या की खोल्या रिकाम्या दिसत असूनही चौघांची खोली मिळत नाही. सुट्टीतली फेरी असेल तर सहा-आठ महिने आधी बुकिंग करण्याचे खरे कारण हे आहे.

खोलीची जागा निवडताना वरच्या-खालच्या दोन्ही डेकवर खोल्याच असाव्यात. तलावाच्या डेकखाली पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, नाट्यगृहावर रात्री अकरापर्यंत ढोल ऐकू येतो. गाडीत उलटी करणारे मूल असेल तर जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या डेकवरची खोली घ्यावी. पुढच्या टोकाला आणि वर हेलकावा जास्त. भिंती बहुतेक ठिकाणी लोखंडी असतात. सहा-आठ चुंबकी हूक नेले तर ओले पोहण्याचे कपडे, टोप्या, गळ्यातली कार्डे टांगता येतात. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली आणि सर्ज प्रोटेक्टरचा एक्स्टेन्शन बोर्ड मात्र सामान तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. बाळाच्या दुधासाठी किटली नेणाऱ्यांनी थर्मास न्यावा. गरम पाणी उपाहारगृहात चोवीस तास नसले तरी खोलीवर मागवता येते.

पैशांचे. ‘मोफत’ याचा अर्थ तिसऱ्या-चौथ्या माणसाचे फक्त मूळ भाडे माफ. बंदर शुल्क आणि कर दर डोई लागतात, आणि बहुतेक कंपन्यांत टिपही. रॉयल कॅरिबियनने नोव्हेंबर २०२४ मध्ये साध्या खोल्यांची टिप दर माणशी दर दिवशी १८.५० डॉलर केली. चौघांचे चार रात्रींचे २९६ डॉलर होतात, आणि त्यात पाच वर्षांचे पोर पूर्ण माणूस धरले जाते. इंटरनेटचे पॅकेज दर यंत्रामागे असते, घरामागे नसते. किशोरांना जहाजाच्या अ‍ॅपवरची चॅट बहुधा पुरते. ती आपसात निरोप द्यायला वापरता येते. फोन विमान-मोडवर ठेवायला मात्र सक्त सांगावे. खिशात पडलेला फोन समुद्रावरच्या सॅटेलाइट नेटवर्कला आपोआप जोडला जातो आणि घरी आल्यावर रोमिंगचे बिल येते. खोलीचे कार्ड हेच जहाजावरचे पैसे. मुलांच्या कार्डावरची खरेदी स्वागत कक्षात बंद करून घेता येते किंवा रोजची मर्यादा घालता येते, नाहीतर आर्केडमधला प्रत्येक खेळ बाबांच्या खात्यात. एजंटकडून कोटेशन घेताना एकच वाक्य लिहून मागावे: ‘बंदर शुल्क, टिप, जीएसटी, टीसीएस धरून चौघांचे एकूण रुपये.’ (टीसीएस म्हणजे परदेशी सहलीच्या रकमेवर विक्रेता आधीच वसूल करतो तो आयकर.) जाहिरातदारांनी हा आकडा आणि जहाजाचे नाव छापावे, असा आग्रह आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी धरला तर वाचकांवर उपकार होतील.

बंदरांची यादी पाहून हुरळू नये. सिंगापूरच्या फेरीत ‘क्वालालंपूर’ लिहिलेले असते, पण जहाज लागते पोर्ट क्लांगला. तिथून शहर बसने साधारण दीड तास. आठ तासांच्या मुक्कामात तीन तास बसमध्ये, भर उन्हात. सहा वर्षांच्या मुलाला ट्विन टॉवर्स पाहून काय मिळते हा प्रश्न आहेच. पेनांगला मात्र जहाज जॉर्जटाउनच्या धक्क्यालाच लागते आणि जुने गाव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दोन तास फिरून, सरबत पिऊन जेवायला परत येता येते. लहान मुले असतील तर मी पेनांगची फेरी घेईन. फुकेटला मोठी जहाजे पाटोंगसमोर नांगर टाकतात आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. मे ते ऑक्टोबर अंदमान समुद्र खवळलेला असतो, तेव्हा ही उतरण रद्द होण्याची शक्यता धरूनच चालावे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत, म्हणजे पोर्ट क्लांग-पेनांगच्या वाटेवर, पाणी वर्षभर बऱ्यापैकी शांत. फुकेटचे घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फोन स्वतःहून वेळ बदलतो, जहाज बदलेलच असे नाही. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळानुसार मुलांच्या मनगटावर लिहून द्यावी. स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात अरबी समुद्रात क्रूझ नसते. त्या काळात मुंबईचे जहाज चेन्नईकडे नेऊन श्रीलंकेच्या फेऱ्या केल्याचीही उदाहरणे आहेत. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागते. पणजी तिथून तीसेक किलोमीटर, कळंगुट त्याहून लांब. लक्षद्वीपच्या फेरीत प्रवेश परवाना लागतो, त्यासाठी मुलांचीही कागदपत्रे बरीच आधी द्यावी लागतात. बेटावर छोट्या बोटीने उतरायचे असते. हवा फिरली तर बेट लांबून पाहून परत. त्या बोटीत चढताना एक पाऊल हेलकावत्या फळीवर टाकावे लागते. गुडघे दुखणाऱ्या आजींना ते जमेल का, हे निघण्याआधी बोलून घ्यावे.

उलटीचे औषध हेलकावे सुरू झाल्यावर देऊन उपयोग नसतो, ते अर्धा-एक तास आधी द्यायचे असते. अ‍ॅव्होमिनच्या जातीची औषधे दोन वर्षांच्या आतल्यांना देत नाहीत आणि मोठ्यांनाही झोप आणतात. मुलाच्या डॉक्टरांकडून वजनानुसार मात्रा लिहून घ्यावी. आजारपणाचे दुसरे मोठे कारण नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू. बुफेच्या दारातल्या सॅनिटायझरने तो नीट जात नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. एका मुलाला जुलाब लागले की त्याला खोलीत ठेवतात, म्हणजे एक पालकही आत. जहाजावरच्या डॉक्टरांचे बिल डॉलरमध्ये असते आणि घरची मेडिक्लेम तिथे चालेलच असे नाही. प्रवास विम्यात क्रूझचा स्पष्ट उल्लेख आहे का ते पाहावे. कित्येक जहाजांच्या तलावांवर जीवरक्षक नसतो. ‘पोहायला येते’ म्हणून दहा वर्षांच्याला एकटे सोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण जहाज हलताना तलावात लाटा उठतात.

२०१२ च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या दुर्घटनेनंतर नियम कडक झाले. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सुरक्षा कवायत घ्यावीच लागते. त्या वेळी मुलांच्या मापाची लाईफ जॅकेट खोलीत आहेत का पाहावे. नसतील तर खोली सेवकाकडे लगेच मागावीत. क्लबमधल्या लहान मुलांना जमण्याच्या ठिकाणाचा क्रमांक असलेला मनगटी पट्टा देतात. तो आवडला नाही तरी काढू देऊ नये. अडचणीच्या वेळी मूल क्लबमध्ये असेल तर त्याला कोण कुठे आणणार, हे कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे.

जेवणाचे थोडक्यात. जैन, कांदा-लसूण नको, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, हे सगळे बुकिंगबरोबर लेखी कळवावे. जहाजावर चढल्यावर सांगितले तर पहिले दोन दिवस भात आणि दह्यावर काढायची पाळी येते. घरचे शिजवलेले पदार्थ नेता येत नाहीत, बंद पाकिटातला खाऊ चालतो. रात्रीच्या जेवणाची पहिली पाळी लहान मुलांना बरी. दुसऱ्या पाळीत ती टेबलावरच झोपतात.

शेवटी कागदपत्रे. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, मोठ्यांचा दहा. एकदम काढलेले पासपोर्ट एकदम संपतील असे गृहीत धरून चालणाऱ्यांची विमानतळावर फजिती होते, कारण परतीच्या तारखेपुढे सहा महिने वैधता लागते. सिंगापूरहून निघून मलेशिया किंवा थायलंड करून सिंगापूरलाच यायचे असेल तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, आणि सिंगापूरचे अरायव्हल कार्ड जहाजावरून परतताना पुन्हा भरावे लागते. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न अक्षर जुळावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधल्या रकान्यात जाते आणि तिथेच घोळ होतो. मुले आई-वडिलांशिवाय काका-मामांबरोबर जात असतील तर दोन्ही पालकांचे नोटरी केलेले संमतिपत्र, त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि मुलाचा जन्मदाखला बरोबर ठेवावा. देशांतर्गत फेरीलाही प्रत्येक मुलाचे मूळ आधार कार्ड न्यावे.

विमानाने सिंगापूरला आदल्या दिवशी पोहोचावे. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात आणि त्या खोलीवर संध्याकाळी येतात, त्यामुळे पोहण्याचे कपडे, औषधे, बाळाचे दूध आणि एक बदली जोड खांद्यावरच्या पिशवीत. उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी घालायचे कपडे आणि बूट त्यात भरून बसणारे एखादे कुटुंब प्रत्येक फेरीत निघते. उतरणे सकाळी सातला सुरू झाले तरी बॅगा, पासपोर्ट आणि टॅक्सीची रांग धरता परतीचे विमान दुपारी दोनच्या आधीचे घेऊ नये.

आपला,
सहल नियोजनाच्या व्यवसायातील एक वाचक,
ठाणे